लांब केस कुरळे करायचेत? टोकापासून सुरुवात करा

मी दोनदा पर्म, म्हणजे औषध लावून केस कायमचे कुरळे करायचा प्रकार, करून घेतला आहे. पहिला २०१९ मध्ये, दुसरा २०२४ मध्ये. दोन्ही वेळा केस कमरेपर्यंत होते आणि औषधही एकाच जातीचं होतं. पहिल्या पर्मनंतर पंधरा दिवसांत टोकं काथ्यासारखी झाली, कंगव्यात तुटून यायला लागली आणि शेवटी केस खांद्यापर्यंत कापावे लागले. दुसरा पर्म अजून डोक्यावर आहे आणि रोज आरशात बघताना बरं वाटतं. मधल्या पाच वर्षांत केस वाढत होते, तेवढ्यात या विषयातलं जमेल तेवढं समजून घेतलं. दुसऱ्या वेळी खुर्चीत बसल्यावर प्रत्येक टप्प्याला प्रश्न विचारले. लांब केसांसाठी पर्म कसा वेगळा असतो ते पार्लरमध्ये सहसा कोणी सांगत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

टोकाचं वय मोजा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमचे केस ६० सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांचं टोक किमान चार वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेलं आहे. चार उन्हाळे, कितीतरी नहाणी, लग्नाकार्यातली इस्त्री, उन्हातला प्रवास, घट्ट रबर हे सगळं त्या टोकाने सोसलेलं असतं. मुळाशी कोरं कापड असतं आणि टोकाला धुऊन धुऊन विरलेलं. एकच औषध, एकाच वेळी, तेवढीच मिनिटं दोन्हीला लावलं तर मुळाला ते पुरतं आणि टोकाला जास्त होतं. लांब केसांचे पर्म बिघडतात त्याचं मोठं कारण हेच. खांद्यापर्यंतच्या केसांवर हात बसलेली मुलगी कमरेपर्यंतच्या केसांवरही तसाच पर्म करते, आणि तिथे चूक होते.

औषध नेमकं काय करतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वेणी सोडल्यावर केसांना लाटा येतात आणि पाणी लागलं की जातात, कारण वेणीने हे गंधकाचे बंध हलत नाहीत. पर्मचं पहिलं औषध, बहुतेक ठिकाणी अमोनियम थायोग्लायकोलेट, त्यातले काही बंध तोडतं. केस तेवढ्यापुरता मऊ पडतो आणि तो ज्या दांडीवर गुंडाळलेला असतो त्या रॉडचा आकार घेतो. मग न्यूट्रलायझर लावतात. त्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि ते तुटलेले बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. पहिलं औषध जास्त वेळ राहिलं तर गरजेपेक्षा जास्त बंध तुटतात. न्यूट्रलायझर नीट पोचला नाही तर ते जोडले जात नाहीत. माझ्या पहिल्या पर्ममध्ये या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या, आणि तिसरीही एक होती. ती मेंदी.

मेंदी लपवू नका, ‘कलर’ म्हणून सांगा

२०१९ मध्ये पार्लरमध्ये मला विचारलं होतं, “ताई, कलर केलाय का?” मी म्हटलं, नाही. दर महिन्याला मेंदी लावत होते, पण मेंदी म्हणजे कलर हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आपल्याकडे मेंदी आईच्या हाताने, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून, चहाचं पाणी घालून लागते. ती घरातली गोष्ट आहे, तिला कोण केमिकल म्हणणार?

शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि थरावर थर बसत जातो. त्या थरातून पर्मचं औषध सगळीकडे सारखं आत जात नाही. एक बट कुरळी, शेजारची तशीच सरळ, असा प्रकार होतो. पाकिटातल्या काही मेंद्यांमध्ये आणि केस काळे करायच्या काही पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात, आणि ते जास्त घातक. पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस गरम होऊ शकतात, रंग विचित्र होतो, केस तुटतात. काय लावलं होतं ते आठवत नसेल किंवा पाकीट सापडत नसेल, तर मुळापासून टोकापर्यंतची एक बारीक बट कापून पार्लरमध्ये द्या आणि अमोनियाचे थेंब घातलेल्या पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा. बट तापली, उग्र वास आला किंवा रंग भराभर बदलला तर पर्मचा विचार सोडून द्या.

स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग, म्हणजे औषधाने सरळ केलेल्या केसांवर पर्म करू नका. त्या केसांचे बंध एकदा तोडून जोडलेले आहेत, दुसऱ्यांदा ते झेपत नाहीत. ब्लीच केलेल्या केसांचंही तेच. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं. मी पाच वर्षं थांबले. त्या काळात मेंदी बंद ठेवली, दिसणारे पांढरे केस दिसू दिले. २०२४ मध्ये डोक्यावर जो केस होता त्यातला इंचभरही मेंदीचा उरला नव्हता.

घरच्या घरी दोन तपासण्या

पार्लरची वेळ घेण्याआधी पंधरा दिवस हे करा. केस धुऊन ओले असताना टोकाकडचा एक केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणा. निरोगी ओला केस स्वतःच्या लांबीच्या जवळपास निम्म्याने ताणला जातो आणि सोडला की परत येतो. तो चिवट होऊन नुसताच लांबला किंवा लगेच तटकन तुटला, तर तेवढा भाग पर्मला लायक नाही. डोक्याच्या तीन-चार ठिकाणचे केस तपासा. कपाळावरचे आणि कानांजवळचे केस बहुतेकांचे नाजूक असतात.

मग कोरडा केस घेऊन टोकाकडून मुळाकडे उलटी बोटं फिरवा. खरखर जिथे सुरू होते तिथपर्यंतचा भाग कापायचा, असं मनाशी ठरवून टाका. मला माहीत आहे, वर्षानुवर्षं वाढवलेले केस कापायला जीव होत नाही. पण ती टोकं पर्मनंतर तशीही जाणारच असतात आणि जाताना आणखी चार इंच घेऊन जातात. मी दुसऱ्या वेळी आधीच तीन इंच कापले.

लांबीचा आणखी एक हिशेब आहे. कुरळा केस वर चढतो. माझे कमरेपर्यंतचे केस पाठीच्या मध्यावर आले. घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, “एवढे कापलेस?” मी एक बट खाली ओढून कमरेपर्यंत नेऊन दाखवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. लांबी तशीच दिसायला हवी असेल तर मोठ्या रॉडच्या सैल लाटा घ्या. घट्ट कुरळे हवे असतील तर लांबीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

गुंडाळायची पद्धत कोणती, हे आधी विचारा

पर्मची सुरुवातच लांब केसांवर झाली. कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकाराने १९०६ च्या सुमारास लंडनमध्ये विजेवर तापणाऱ्या दांड्यांनी केस कायमचे कुरळे करून दाखवले. तेव्हा बायकांचे केस लांब असत, म्हणून तो केस मुळाकडून दांडीभोवती वेलीसारखा गुंडाळत असे. १९२० च्या दशकात केस आखूड कापायची पद्धत आली आणि टोकाकडून मुळाकडे, चटईसारखं गुंडाळणं सुरू झालं. आज साध्या पर्मसाठी बहुतेक ठिकाणी हीच दुसरी पद्धत वापरतात.

आखूड केसांना ती चांगली आहे. पण ७० सेंटिमीटरचा केस त्याच रॉडवर टोकाकडून गुंडाळत गेलात की एकावर एक इतके वेढे बसतात की रॉड फुगत जातो. टोक रॉडला चिकटलेलं, म्हणून ते घट्ट वळतं. मूळ त्या जाड गुंडाळीच्या बाहेर, म्हणून तिथे वळणच येत नाही. माझा पहिला पर्म अगदी असाच झाला होता. वरून चपटे आणि खाली झुबका.

लांब केसांसाठी दोन चांगल्या पद्धती आहेत. एक स्पायरल. लांब, उभे रॉड घेऊन केस त्यांच्यावर पिळासारखा, वेढ्यावर वेढा न चढवता गुंडाळतात. वरपासून खालपर्यंत वळण सारखं येतं. दुसरी म्हणजे एका बटेला दोन रॉड, एक मधल्या भागाला आणि एक टोकाला. फोनवर वेळ घेतानाच विचारा, “माझे केस कमरेपर्यंत आहेत, स्पायरल रॉड आहेत का, किती आहेत?” साठ-सत्तर रॉडसुद्धा नाहीत असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. दरही तेव्हाच लांबी सांगून ठरवा. फोनवर सांगितलेला आकडा बरेचदा खांद्यापर्यंतच्या केसांचा असतो.

डिजिटल पर्म हा तिसरा पर्याय. त्यात औषध लावून धुतल्यावर तापणाऱ्या रॉडवर केस वळवतात. साध्या पर्मचे कुरळे ओले असताना उठून दिसतात, डिजिटलचे वाळल्यावर. सैल, मोठ्या लाटा हव्या असणाऱ्यांना तो आवडतो. मुळाशी वळण नको असेल तरी चालतो. पण उष्णता आहे, त्यामुळे टोकांच्या तपासणीत अजिबात सूट नाही.

आदल्या दिवशी

तेल नको. आठवडाभर आधीपासूनच बंद करा. शेवटचं नहाणं साचलेला थर काढणाऱ्या शाम्पूने, पण नखं न लावता. टाळू खरवडली गेली की दुसऱ्या दिवशी औषध झोंबतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर केसांवर क्षारांचा थर असतो. तो काढणारा वेगळा शाम्पू मिळतो, तो पार्लरमध्येच वापरायला सांगा. डोक्यात जखम, पुरळ, खाज असेल तर पर्म पुढे ढकला. कानामागे औषधाचा ठिपका लावून दोन दिवस आधी चाचणी करून घ्या. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि एक बट. पूर्ण डोक्यावर करण्याआधी मानेजवळची, वरच्या केसांखाली झाकली जाणारी एक बट पर्म करून बघायला सांगा. दुसऱ्या वेळच्या माझ्या पार्लरवाल्या ताईंनी ती केली आणि मला चार दिवसांनी परत बोलावलं. त्या बटेचं टोक थोडं रखरखीत झालं होतं. ते बघून त्यांनी सौम्य औषध निवडलं. तेवढी एक फेरी वाचवायची म्हणून हा टप्पा सोडू नका.

खुर्चीत

दिवस मोकळा ठेवा. मला सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत लागले, त्यातला पावणेदोन तास नुसता गुंडाळण्यात गेला. दोघीजणी लागल्या होत्या. पोटभर खाऊन जा, पुढून उघडणारा जुना सदरा घालून जा.

पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे औषध कधी लावतात. २०१९ मध्ये बटेला औषध लावून मग गुंडाळत गेले. शेवटची बट गुंडाळून होईपर्यंत पहिल्या बटेवर औषध तासभर काम करत होतं. लांब केसांना हे चालत नाही. केस नुसते पाण्याने ओले ठेवून गुंडाळायचे आणि सगळे रॉड लागल्यावर एकदमच औषध सोडायचं. दुसऱ्या वेळी ताईंनी गुंडाळण्याआधी शेवटच्या चार इंचांना प्रोटीनचं क्रीम लावलं, म्हणजे विरलेला भाग औषध भसाभस शोषणार नाही. प्रत्येक टोक पातळ कागदात सरळ धरून मग रॉडवर घेतलं. टोक कागदात दुमडलं गेलं तर ते तसंच दुमडलेलं कायम राहतं, म्हणून त्या दुमडलेल्या दोन बटा त्यांनी सोडून पुन्हा केल्या.

कपाळ, कान, मान यांच्या कडेने व्हॅसलीन आणि वर कापसाची वात लावतात. औषध सोडल्यावर ती वात भिजते. भिजलेली वात बदलायला सांगा, नाहीतर औषध तासभर त्वचेला लागून राहतं. माझ्या उजव्या कानामागे एक थंड ओघळ उतरला, मी लगेच सांगितलं, त्यांनी पुसून घेतलं. जळजळ झाली तर गप्प बसू नका. थोडं झोंबतंच, असं कोणी म्हटलं तरी.

दर पाच मिनिटांनी त्या एक रॉड दीड वेढा सोडून बघत होत्या. केस ओढायचा नाही, नुसता सैल सोडून बोटाने रॉडकडे किंचित ढकलायचा. आधी लाट फिकी होती. तिसऱ्या वेळी रॉडच्या जाडीएवढा, ठसठशीत इंग्रजी एस उमटला आणि त्यांनी वेळ तिथेच थांबवली. पाकिटावरची मिनिटं संपली नव्हती. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

मग धुणं. रॉड डोक्यावरच ठेवून, कोमट पाण्याखाली. पाच मिनिटं हा साधारण नियम, पण लांब केसांत वेढे जास्त आणि औषध आत अडकलेलं, म्हणून मी घड्याळ लावून दहा मिनिटं घेतली. त्यानंतर एकेक रॉड पंच्याने दाबून टिपायचा. पाणी राहिलं तर न्यूट्रलायझर पातळ होतो आणि कुरळे आठ दिवसांत उतरतात. पहिल्या वेळी माझे दोन मिनिटांत धुऊन, न टिपताच न्यूट्रलायझर ओतला होता. न्यूट्रलायझर रॉडच्या वरून आणि खालूनही लावावा लागतो. पाच मिनिटांनी रॉड अलगद सोडून, उरलेला टोकांवर मिनिटभर लावून धुवायचं. शाम्पू नाही.

पहिले तीन दिवस आणि पुढे

किमान ४८ तास, जमलं तर ७२, केस धुवायचे नाहीत. क्लिप, रबर, अंबाडा, गजरा काहीच नाही. हेल्मेटसुद्धा केस दाबतं, म्हणून मी तीन दिवस स्कूटरला हात लावला नाही, बसने गेले. उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा घातला. सुती अभ्र्यावर केस घासले जातात, रेशमावर घसरतात.

वास येतो. अमोनिया आणि गंधक यांचा मिळून एक उग्र वास, आणि केस ओले झाले की पुन्हा उठतो. मला तीन आठवडे जाणवला. म्हणूनच पावसाळ्यात पर्म करू नका असं मी सांगेन. मुंबई-कोकणात तर केस वाळायलाच दिवस जातो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, तोही टाळूला. टोकांना फक्त कंडिशनर. गुंता काढायचा तो कंडिशनर लावलेला असतानाच, जाड दातांच्या कंगव्याने, खालून वर येत. कोरडे केस विंचरायचे नाहीत. केस फुलून पिंजतात आणि वळणं मोडतात. टॉवेलने खसाखसा पुसायची सवय मोडायला मला महिना लागला. आता डोकं खाली करून सुती पंच्यात केस झेलते, मुठीने वर दाबते आणि तसेच दहा मिनिटं गुंडाळून ठेवते.

जेल घरीच करते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार दिसली की बंद करून गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायचं. थंड झालं की ते गाळलं जात नाही, मी एकदा पूर्ण पातेलं टाकून दिलं आहे. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ओल्या केसांना चमचाभर लावून मुठीने दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस कडक लागतात, मग तळव्यांनी चुरगाळले की मोकळे होतात.

तेल आठवड्याभराने सुरू करा. खोबरेल नहाण्याआधी टोकांना लावायचं, रात्रभर ठेवलं तरी चालतं. खोबरेल केसात शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं. पर्मनंतर केसाला त्याचीच गरज असते. रंग लावायचा असेल तर किमान दोन आठवडे थांबा. मेंदीला मात्र मी परत हात लावलेला नाही.

पर्म किती टिकतो, हे सगळ्या जणी विचारतात. वळलेला केस वळलेलाच राहतो, पण लांब केसांचं वजन वळणं हळूहळू खाली ओढतं. तीन-चार महिन्यांत माझे घट्ट कुरळे सैल झाले आणि खरं तर जास्त छान दिसायला लागले. हलके थर कापून घेतले की वजन कमी होतं आणि वरची वळणं उचलली जातात. मुळाशी सरळ केस वाढत राहतो. तो दिसायला लागल्यावर नहाल्यानंतर मी मुळाजवळच्या बटा बोटाभोवती पिळून सैल पिना लावते, वाळेपर्यंत. पुन्हा पर्म केलात तर फक्त त्या नव्या सरळ भागावर करा, जुना वळलेला भाग कंडिशनर लावून झाकून ठेवायला सांगा. दर तीन महिन्यांनी एक इंच टोक कापते. कात्री लावण्याआधी प्रत्येक वेळी टोकाचा एक ओला केस चिमटीत धरून ताणून बघते, अजून परत येतोय ना.